माझ्या सहा चौकटी आणि भागाबाईची खिचडी

मित्रांनो, बोलतोय तो एक जुना कापडी तक्ता. पारोळ्याहून धुळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या शाळेत आठवीच्या वर्गात मी एका खिळ्यावर टांगलेला असतो. माझ्या अंगावर सहा चौकटी आहेत आणि त्यांना जोडणारे पाच बाण. डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा तक्ता पाहिला असेल, पाठही केला असेल. पाठ करणाऱ्यांवर माझा राग नाही. पाठ करायला लावून हात झटकणाऱ्यांवर आहे. आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा मला भीतीच जास्त वाटते. कारण यंदा माझ्याच अंगावरच्या सहा शब्दांनी एका बाईच्या हातचं काम जवळजवळ काढून घेतलं होतं, आणि मी खिळ्यावर लटकून ते नुसतं बघत होतो.

माझा जन्म पारोळ्याच्या बाजारात झाला. तिथं चुडामण नावाचा एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं काढायची, हा त्याचा धंदा. त्यानं मांजरपाटाचं कापड ताणून बांधलं, त्याला खळ दिली, वर पांढरा रंग चढवला आणि सावलीत वाळवलं. मग विज्ञानाच्या सरांनी वहीच्या कागदावर काढून दिलेलं तो माझ्यावर उतरवू लागला. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, नोंदी या पाच चौकटी त्यानं निळ्या रंगात, बारीक काढल्या. सहावी चौकट, निष्कर्ष, मात्र दुप्पट मोठी आणि भडक लाल.

सर म्हणाले, "अहो, ही एवढी मोठी कशाला?"

चुडामण ब्रश पुसत म्हणाला, "सर, गिऱ्हाईकले जठे पोचानं ते मोठं पाहिजे. बाकी बठ्ठा रस्ताच शे."

सर हसले आणि मला सायकलच्या दांडीला बांधून घेऊन गेले. जिथं पोचायचं ते मोठं, बाकी सगळा नुसता रस्ता, हे त्यांनी हसण्यावारी नेलं. मला विचाराल, तर घोळ तिथंच झाला.

सुरुवातीची वर्षं माझा मोठा मान होता. तपासणीला साहेब आले की माझ्यासमोर उभे राहायचे. सर छडी घेऊन एकेका चौकटीवर ठेवायचे आणि पोरं पाढे म्हणावेत तसं एका सुरात म्हणायची: निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, नोंदी, निष्कर्ष! साहेब मान डोलवायचे. शेजारच्या दोन शाळांनी माझी नक्कल करून नेली. मीही फुगलो होतो. गृहीतक म्हणजे काय, हे एकाही पोरानं कधी विचारलं नाही आणि एकाही सरांनी कधी सांगितलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पण प्रयोगवह्या माझ्यासमोरच लिहिल्या जायच्या. पोरं आधी पानाच्या तळाशी निष्कर्ष लिहायची. मग वर जागा सोडून कृती. आणि सगळ्यात शेवटी, निष्कर्षाला शोभतील अशा नोंदी. कपाटातले लिटमस कागद संपून कित्येक वर्षं झाली होती. रिकामी डबी तेवढी होती. तरी दरवर्षी साठ वह्यांत 'निळा लिटमस लाल झाला' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं जायचं, आणि साठ वह्यांवर 'उत्तम' असा शेरा पडायचा. न झालेल्या प्रयोगाला उत्तम! हे सगळं माझ्या नावावर चाललं होतं.

पुढं वर्गात मोठा टीव्ही आला. मला गुंडाळून कपाटामागं टाकलं. उंदरानं माझा खालचा कोपरा खाल्ला, माझ्या लाकडी दांडीला वाळवी लागली. कितीतरी वर्षं मी अंधारात पडून होतो. यंदा जूनमध्ये बदली होऊन नव्या विज्ञान शिक्षिका आल्या, किरण मॅडम. त्यांनी मला बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलं. मला वाटलं, आता पुन्हा छडी आणि पुन्हा पाढे. पण मॅडमनी वर्गाला भलताच प्रश्न विचारला.

"या तक्त्यात काय चुकलंय?"

भिंतीवरचं चुकीचं असू शकतं, हे कोणाच्या गावीच नव्हतं. शेवटी मागच्या बाकावरच्या भूपेंद्रनं हात वर केला. "मॅडम, उंदरानं खाल्लंय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी असं विचारलं नव्हतं.

त्या खिडकीतून मला शाळेचा व्हरांडा दिसतो. डाव्या हाताला, अगदी खिडकीलगत, पोषण आहार शिजवायची पत्र्याची खोली. उजव्या हाताला पाण्याची जागा. जानेवारीत एकाच आठवड्यात या दोन्ही ठिकाणी काहीतरी नवं आलं.

डावीकडं आली भागाबाई. आधीची स्वयंपाकीण दोंडाईचाला लेकाकडं कायमची राहायला गेली, म्हणून तिच्या जागी बौद्धवाड्यातल्या भागाबाईला घेतलं. पन्नाशीची, कमी बोलणारी, हाताला चपळ बाई. सकाळी नऊला यायची, पातेलं आधी स्वतः घासायची, तांदूळ तीन पाण्यांनी धुवायची.

उजवीकडं आला थंड पाण्याचा कूलर. शाळा समितीचे अध्यक्ष नवल नाना यांनी तो वडिलांच्या स्मरणार्थ दिला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर फीत कापली, नारळ फोडला, हार घातला. कूलरच्या दर्शनी बाजूला नानांच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी बसवली.

फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडं ऊन कसं चटके देतं, ते तुम्हाला सांगायला नको. पोरं कूलरवर तुटून पडायची. आणि त्याच सुमाराला पोरांची पोटं दुखायला लागली. आज चार, उद्या सहा. कोणी मधल्या सुटीनंतर बाकावर डोकं ठेवायचं, कोणी पोट धरून संडासाकडं पळायचं. गावात एकच बोलणं सुरू झालं, "नवी बाई उनी आनि पोऱ्यासना पोटे दुखाले लागनात."

कूलरही त्याच आठवड्यात आला होता. ते कोणी बोललं नाही. कूलरवर पाटी होती. भागाबाईच्या मागं फक्त तिचा वाडा होता.

आणखी एक गोष्ट मी सांगून टाकतो, कारण मोठी माणसं ती तुम्हाला सांगणार नाहीत. भागाबाई आल्यापासून अकरा पोरं घरून डबा आणायला लागली होती. शाळेत दिलेल्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं, 'मुलास तिखट सोसत नाही.' भागाबाईच्या खिचडीत तिखट नावालासुद्धा नसायचं. त्या घरांना तिच्या हातचं चालत नव्हतं, एवढंच खरं कारण. भूपेंद्र त्या अकरांतला एक.

मुख्याध्यापक लीलाधर सर तसे वाईट नाहीत. पण ते सगळ्यांना घाबरतात. नानांना, गावाला, वरच्या ऑफिसला. घाबरलेल्या माणसाला लवकर सुटायचं असतं. त्यांनी आठवीतल्या सारिकाला बोलावलं. सारिका वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं. सर माझ्यासमोर उभे राहून तिला म्हणाले, "विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करायचाय. विषय मी देतो. 'शालेय खिचडीमुळे होणारी पोटदुखी: एक वैज्ञानिक अभ्यास'. या तक्त्याप्रमाणे कर. एकही पायरी चुकवू नकोस."

मित्रांनो, विषयाचं नाव नीट वाचा. त्यातच शिक्षा सुनावून झालेली आहे. अभ्यास फक्त सहीपुरता.

सारिकानं एकही पायरी चुकवली नाही. निरीक्षण: मुलांचं पोट दुखतं. प्रश्न: कशामुळं? गृहीतक: खिचडीमुळं. प्रयोग: शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवस खिचडी बंद. पोरांनी त्या दोन दिवसांत घरून भाकरी आणली. नोंदी: खिचडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांना विचारलं. आधीच्या दोन दिवसांत चौदा जणांचं दुखलं होतं, खिचडी बंद असताना एकाचं. आणि निष्कर्ष, लाल शाईत: खिचडीमुळे पोटदुखी होते, हे सिद्ध झाले.

मला कुठं बोट ठेवायला जागाच नव्हती. सहाच्या सहा चौकटी भरलेल्या. बाण बरोबर. क्रम बरोबर.

सोमवारी सकाळी लीलाधर सरांनी भागाबाईला आठवीच्या दारात बोलावलं. म्हणाले, "बुधवारी समितीची सभा आहे. बहुतेक तुम्हाला काम थांबवावं लागेल. दोन दिवस या तेवढे."

भागाबाई पदराला हात पुसत उभी राहिली. "सर, मन्हा हातमा काय खोट शे ते तरी सांगा."

"माझं काही नाही, बाई," सर म्हणाले. "हे शास्त्र सांगतंय." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तिनं माझ्या सगळ्या चौकटींवरून नजर फिरवली, जणू आपलं नाव कुठं लिहिलंय ते शोधत होती. मग ती चुलीकडं गेली. खिळा उपटून खाली पडावं आणि फाटून जावं, असं मला त्या वेळी वाटलं.

दुपारी किरण मॅडमनी सारिकाची वही वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी ती चूक आहे असं म्हटलं नाही, बरोबर आहे असंही म्हटलं नाही. वर्गालाच विचारलं, "शुक्रवारी आणि शनिवारी खिचडी बंद होती. त्याशिवाय त्या दोन दिवसांत आणखी काय वेगळं होतं?"

"काहीच नाही, मॅडम," सारिका म्हणाली.

"लाईट नव्हती!" मागून भूपेंद्र ओरडला. "गुरुवारी रात्री डीपी जळाली ना. पंखे बंद, टीव्ही बंद. मॅडम, तुम्हीच तर वहीनं वारा घेत होत्या."

"बरं, वारा घेत होते. लाईट नव्हती तर आणखी काय बंद होतं?"

वर्ग विचार करू लागला. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "कूलर. पाणी गरम येत होतं, म्हणून आम्ही हापशीवर गेलो."

मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या सारिकाकडं वळल्या. "आणि पोट दुखतंय का, हे तू कोणाकोणाला विचारलंस?"

"खिचडीच्या रांगेतल्यांना."

"डबेवाल्यांना?"

"नाही. त्यांनी खिचडी खाल्लीच नव्हती ना."

"मग त्यांचं पोट दुखलं नाही, हे तुला कसं कळलं?"

सारिका उभीच होती. तिनं वहीचं एक पान उलटलं, वही पुन्हा मिटली. मग खाली बघून बोलली, "मॅडम, चतुर्थीला माझा उपास होता. मी खिचडी खाल्ली नव्हती. घरून आणलेली केळी खाल्ली फक्त. त्या दिवशी माझं पोट सगळ्यात जास्त दुखलं."

"मग ते वहीत का नाही?"

"लिहिलं होतं. खोडलं."

"का?"

"चौकटीत बसत नव्हतं."

मित्रांनो, मी तुम्हाला हे सांगताना आजही आक्रसून जातो. चौकटीत बसत नव्हतं! त्या चौकटी माझ्या. एका हुशार मुलीनं स्वतःच्या पोटात आलेली कळ खोटी ठरवली, कारण ती माझ्यात मावत नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सारिकाला खाली बसवलं आणि वर्गाला विचारलं, "ठिबकाच्या नळीला उंदरानं दात लावला, तर घरचे कसं शोधतात?"

पोरं एकदम बोलू लागली. कोणी म्हणालं, ओल बघतात. कोणी म्हणालं, सरीसरीनं हिंडतात. कोणी म्हणालं, एक वॉल्व्ह बंद करून बघतात, मग दुसरा, आणि कधी कधी नळी चांगली निघते आणि जोड सुटलेला असतो.

"म्हणजे हिंडायचं, मागं यायचं, चुकायचं, पुन्हा जायचं. पण घरी येऊन सांगताना माणूस काय सांगतो? 'अमुक सरीत नळी फुटली होती, जोडली.' सरळ, एका दमात. हा तक्ता म्हणजे ते घरी येऊन सांगणं आहे. ते लागतंच, त्याशिवाय दुसऱ्याला कळणार कसं? पण सांगण्याची रीत वेगळी आणि शोधणं वेगळं. सारिकानं रीत पाळली, शोध राहून गेला. आपल्याकडं आज आणि उद्या, दोन दिवस आहेत."

त्या दोन दिवसांत मी माझ्या बाणांच्या उलट दिशेनं पोरं पळताना पाहिली. नोंदींवरून ती पुन्हा निरीक्षणाकडं गेली. तिथून प्रश्नाकडं आली आणि प्रश्नच बदलला. 'खिचडीत काय आहे?' हा प्रश्न त्यांनी पुसला. 'दुखणाऱ्यांमध्ये सारखं काय आहे?' असा लिहिला. मला धडकी भरली होती. एकीकडं वाटत होतं, असंच पळा. दुसरीकडं वाटत होतं, बुधवारपर्यंत यांना काहीच सापडलं नाही तर? आणि सापडलं, तर मी कशाला उरलो?

पाचवीपासून आठवीपर्यंतच्या सगळ्या पोरांना विचारायचं ठरलं. खाणारे, न खाणारे, उपासवाले, डबेवाले, सगळे. डबेवाले बोलेनात. भूपेंद्र तर छाती काढून म्हणाला, "मन्हं पोट दुखंच नई." मग मॅडम दुसरीकडं गेल्यावर तो सारिकाच्या कानाशी लागला, "तीनदा दुखलं. पन घरमा सांगू नको. आई म्हनी, डबा खाईसन बी दुखस, तं मंग डबा कसाले?"

"कसाले ते तूच सांग ना," सारिका म्हणाली.

भूपेंद्रनं तोंड फिरवलं.

अकरा डबेवाल्यांपैकी सात जणांचं पोट दुखलेलं निघालं. खिचडीचं शीतही न खाता. उपास धरलेल्या नऊ पोरींपैकी चौघींचं. आणि दुसऱ्या बाकावरची, भागाबाईच्याच वाड्यातली प्रज्ञा, जी वर्गात सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "मी रोज दोनदा वाढून घेते. माझं एकदाही दुखलं नाही."

"पाणी कुठलं पितेस?" सारिकानं विचारलं.

"घरची बाटली."

"एवढा कूलर असताना?"

प्रज्ञानं सारिकाकडं सरळ बघितलं. "तुला माहीत नाही? पहिल्याच दिवशी मी नळाला हात लावला, तर तुमच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, आता हा धुवा. मी पुन्हा गेले नाही."

सारिकानं वहीत 'घरची बाटली' एवढंच लिहिलं. ज्या घाणेरड्या बोलण्यानं प्रज्ञाला कूलरपासून हटवलं, त्यानंच तिचं पोट वाचवलं होतं. यावर कोणी हसू नये आणि कोणी समाधानही मानू नये.

मंगळवारी दुपारी फळ्यावर मोठा तक्ता तयार झाला, माझ्यापेक्षा किती तरी मोठा. खिचडी खाणारे, न खाणारे. कूलरचं पिणारे, न पिणारे. दुखणारे बहुतेक एका बाजूला गोळा झाले होते. सगळे नाही. कूलरचं पाणी पिऊनही कधीच न दुखलेली पोरं होती. बाटली आणणाऱ्या एकाचं दुखलं होतं, त्यानं कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या. पोरं म्हणाली, "मॅडम, हे पुसू का?" मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही. अडचणीचं आहे म्हणून तर आधी लिहा."

तेवढ्यात लीलाधर सर आले. फळा वाचला आणि घामाघूम झाले. "मॅडम, हे काय? नानांच्या वडिलांच्या नावाचा कूलर आहे तो!"

"सर, नाव वडिलांचं आहे. पाणी टाकीचं आहे."

"माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत हो," सर म्हणाले. मग ते सारिकाकडं वळले. "उद्या सभेत तू आधीचाच प्रकल्प वाच. लाल शाईतला. नवं काही नको. समजलं?"

सारिकानं वही दप्तरात ठेवली. मला तर काही अंदाजच येईना. शेवटी ती चौदा वर्षांची पोर. समोर मुख्याध्यापक, नाना आणि बापाच्या वयाची दहा माणसं. जुना प्रकल्प तर सोपाच होता. नुसता वाचायचा आणि खाली बसायचं.

बुधवारी मला खिळ्यावरून काढलं आणि व्हरांड्यात नानांच्या खुर्चीमागं टांगलं. शोभेसाठी. समोर समितीची माणसं, बाजूला काही आया, आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात भागाबाई. सारिका वही घेऊन उभी राहिली. वाचू लागली. निरीक्षण. प्रश्न. गृहीतक. तिचा आवाज खणखणीत होता आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर मी खचत होतो. प्रयोग. नोंदी. ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. लीलाधर सरांनी मान हलवून 'चल, वाच' अशी खूण केली.

"हा निष्कर्ष मी काढलेला नाही," सारिका म्हणाली. "तो मला आधीच दिला होता. मी फक्त अक्षर चांगलं काढलं."

कोणाला काही कळायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. उपासाचा दिवस आणि खोडलेली ओळ. जळालेली डीपी. सात डबेवाले. भूपेंद्रची आई तिथंच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. न दुखणारी पोरंही सारिकानं सांगितली, कैऱ्याही सांगितल्या.

नाना खुर्चीत पुढं सरकले. "पोरी, मन्हा बापना नावले बट्टा लावी ऱ्हायनी का तू?"

सारिकानं वही मिटली. "नावले नई, नाना. टाकीनं झाकन उघाडीसन देखा. इतलंच म्हनस मी."

नाना उठले. ते तिच्या अंगावर जातात की काय, असं मला वाटलं. पण ते कूलरकडं गेले. पाटी होती त्या दर्शनी बाजूनं नव्हे, मागच्या बाजूनं. पाना मागवला. झाकण निघालं. अडीच महिन्यांत आत कोणी हात घातला नव्हता; तो धुवायचा असतो हे कोणाच्या कामात लिहिलेलंच नव्हतं. आतल्या भिंतींवर हिरवट, चिकट थर होता. वास व्हरांडाभर पसरला. नानांनी वाकून आत बघितलं आणि मग ते झाकण न लावताच खुर्चीकडं परत आले.

किरण मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे बघितलं म्हणून आताही 'सिद्ध झालं' म्हणू नका. पाणी तपासायला जळगावला पाठवू. तोवर कूलर बंद. खिचडी चालू. मग पोटं काय सांगतात ते बघू."

पाणी गेलं. अहवाल आला: पिण्यास अयोग्य. कूलर बंद असताना दुखणारी पोरं दोन-तीनवर आली, शून्यावर नाही. ती दोन-तीन का, हे आठवीचा वर्ग अजून शोधतोय. भागाबाईचं काम राहिलं. आता दर शनिवारी कूलर धुतला जातो. अकरा डब्यांपैकी नऊ मात्र आजही येतात. पोटदुखीचं कारण शोधायला दोन दिवस लागले. डब्यांचं कारण सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि त्यावर कोणी प्रकल्प करत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीशेजारी आलो. मधल्या सुटीत सारिका पत्र्याच्या खोलीपाशी आली. भागाबाई राखेनं पातेलं घासत होती.

"मावशी, मन्हं चुकनं."

भागाबाईनं हात थांबवला नाही. "चुकनं ते चुकनं. तू सभामा बोलनी, ते मी ऐकं. पन एक सांग. तुम्ही लाईट देखी, उपास मोजात, डबा मोजात. माले कोनी काही इचारं का?"

"तुले काय इचारतू, मावशी?"

"हाऊ कूलर उना त्या दिनपाइन मी त्यानं पानी खिचडीमा टाकं नई. हापशीवरथाईन हंडा भरीसन लयस. वास येस त्या पान्याले." तिनं पातेलं उपडं घातलं. "पह्यल्या हप्तामाच सरले सांगं व्हतं. सर बोलनात, बाई, तुम्ही खिचडीनं देखा."

सारिका तिथंच पायरीवर बसली. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि भागाबाईकडं बघत राहिली. भागाबाईनं दुसरं पातेलं ओढलं आणि घासता घासता सांगू लागली: कोणत्या दिवशी कोणती पोरं किती खातात, कोण अर्धं टाकतं, कोणाचा चेहरा सकाळीच उतरलेला असतो. अडीच महिन्यांचं सगळं तिच्याकडं होतं.

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते 'आमची काळजी घ्या' म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. माझा दुसरा कोपराही उंदरानं खाल्ला तरी माझं काही म्हणणं नाही. माझ्या पायऱ्या शिका, त्या कामाच्या आहेत. तुम्ही काय केलंत ते दुसऱ्याला त्यांच्यामुळंच नीट सांगता येईल. पण त्या चढून गेलात म्हणजे सत्याच्याच घरात शिरलात, असं कृपा करून समजू नका. मला अजून धाकधूक आहे, कारण माझ्यासारखे हजारो तक्ते हजारो भिंतींवर आहेत आणि प्रत्येक शाळेत किरण मॅडम नाहीत. तुमच्या शाळेतही अशी एखादी बाई असेल, एखादा शिपाई असेल, ज्याला रोज सगळं दिसतं आणि ज्याला कोणी काही विचारत नाही. काळजी घ्यायचीच असेल तर त्याची घ्या. उद्या सकाळी वही घेऊन त्याच्याकडं जा, आणि आधी गप्प बसून ऐका.